दांड्यावरचं ताट

"बसला की," व्हेरा म्हणाली. खिटी पडल्याचा खट् असा आवाज मीही ऐकला होता.

"बसल्यासारखा वाटतोय," दारका म्हणाली आणि जॅकचं हँडल फिरवायला लागली.

दारका हावरिलुकला घाई करणं कधी जमलंच नाही. उभं आयुष्य तिने वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काढलं. बटाटा शिजायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागणारच, आपण भांड्याभोवती नाचून काही होत नाही, हे तिचं जगाबद्दलचं एकमेव मत. तिने हँडल फिरवलं, ट्रेलरचा पुढचा लोखंडी दांडा हळूहळू वर आला आणि त्याच्या टोकाची वाटी पिकअपच्या मागच्या गोळ्यावरून अलगद सुटून हवेत लटकली. खिटी लागलेलीच होती. गोळा मात्र वाटीत नव्हता.

"बघ," दारका म्हणाली. "गोळा लहान आहे."

"अगं, आमच्या होडीच्या ट्रेलरला चालतो की तो," व्हेराने तक्रार केली. गोळा तिनेच नवऱ्याच्या नकळत आणला होता, त्यामुळे तो नाकारलेला तिला लागला. "आणि अर्ध्या तासाचा रस्ता. सगळा सपाट."

"सपाट रस्त्यावर रेल्वेचे रूळ आहेत," दारका म्हणाली. "होडी पडली तर होडी पडली. यात चूल आहे, गॅस आहे, आणि मागून येणाऱ्यांच्या गाड्यांत पोरं असतात."

आम्ही तिघी चर्चच्या मागच्या अंगणात उभ्या होतो. शनिवारची सकाळ, दूरवर कुणाची तरी कापणी चाललेली, आणि आमच्या बायकांच्या मंडळाचा पिरोह्यांचा ट्रेलर, म्हणजे सारण भरून उकळलेल्या करंज्यांचं फिरतं स्वयंपाकघर, असा नाक वर करून उभा. आमच्याच मंडळातल्या मारिन्याला दुपारी बाराला शेजारच्या लुहोवे गावाच्या दफनभूमीत मूठमाती द्यायची होती. लुहोवेत आता चर्च, कबरी आणि वारा एवढंच उरलंय. सभागृहाचं छप्पर दोन हिवाळ्यांपूर्वी बसलं. तिथे चूल नाही, पाणी नाही. आणि मारिन्या जत्रेच्या प्रत्येक दिवशी, कढईतून पिरोहे उपसता उपसता आम्हाला बजावायची, "मी मेले की याच चुलीवरचं जेवण हवं हं. बाजारचं सँडविच वाढलंत तर उठून बसेन." सगळ्या हसायच्या. दारका हसायची नाही. ती म्हणायची, "कबूल."

आता ते कबूल केलेलं फ्रीजरमध्ये भरून ठेवलं होतं. बटाट्याचे, कोबीचे, आलुबुखाराचे. दोन दिवस टेबलाभोवती बसून आम्ही कडा चिमटल्या होत्या. पण पिकअपच्या मागचा मोठा गोळा रातोरात नाहीसा झाला होता, आणि तो कुणी नेला हे विचारायची गरज नव्हती.

कारण तो माणूस तेवढ्यात आलाच. जेरी पासिच्निकने आपला भलामोठा ट्रक फाटकात आडवा घातला आणि तो खाली उतरला. जेरी चर्चच्या समितीचा प्रमुख. माणूस वाईट नाही. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, लहानपणी माझ्याच हातचा केक चोरून खाणारा, आम्हाला अजून तेता, म्हणजे मावशी म्हणणारा. फक्त कुठलीही गोष्ट आपल्याशिवाय होत नाही असं त्याला वाटतं.

"तेता दारका, ट्रेलर हलवायचा नाही म्हणून काल सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मी हो म्हटलं होतं का?"

जेरीने टोपी काढून डोकं खाजवलं. "हे बघा. तीन वाजता सास्काटून शहरातला माणूस हा विकत घ्यायला येतोय. ट्रेलर त्याने फोटोवरून पसंत केलाय. रस्त्यात तुम्ही कुठे ठोकलात, काच फुटली, तर तो परत जाईल. मग काय करायचं?"

"जेरी, मी आजवर कुठे ठोकलंय?"

"आजवर तुमची सत्तरी उलटली नव्हती."

"तुझीही पन्नाशी उलटली नव्हती. तुला कुणी ट्रक चालवू नको म्हणालं?"

व्हेरा खुदकन हसली. जेरी माझ्याकडे वळला, जणू मी समजूतदार. "तेता नेटी, तुम्ही तरी सांगा. चर्च मी बंद करतोय का? सात घरं राहिली. हा विकला तर निदान कबरींवरचं गवत कापायची सोय होईल. मारिन्याच्याही कबरीवरचं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. चुकीच्या माणसाशी भांडणं सोपं असतं. मी म्हटलं, "दारकाचा गोळा कुठंय?"

"जपून ठेवलाय."

"असं होय? आमच्या वेळी याला चोरी म्हणायचे."

"परत देणार आहे मी! तीननंतर!"

दारका या बोलण्यात नव्हतीच. ती व्हेराच्या गोळ्याची खीळ काढून तो पुसत होती, जसा आणला तसा परत द्यायला. व्हेरा हळूच म्हणाली, "दारका, हळू हळू जाऊ गं याच्यावरच. कुणाला कळतंय?"

"ट्रेलरला कळतं," दारका म्हणाली.

ती हे उगाच म्हणत नव्हती. पहिल्यांदा तिने हा ट्रेलर ओढला तेव्हा शेजारी मारिन्या होती. त्या वर्षीपर्यंत आम्ही ऐन पेरणीच्या दिवसांत पुरुषांपुढे हात जोडायचो की कुणीतरी ट्रक घेऊन या. कुणाला वेळ नसायचा, आणि जो यायचा तो उपकाराची आठवण पुढच्या ख्रिसमसपर्यंत करून द्यायचा. एका जत्रेला कुणीच आलं नाही. दारका एप्रन काढून आपल्या नवऱ्याच्या पिकअपमध्ये चढली आणि म्हणाली, जोडा. आम्हाला काय येत होतं? गोळा लहान होता हे कुणाच्या बापाला माहीत. फक्त मारिन्या खाली वाकून दोन साखळ्यांशी खुटखुट करत बसली. सरळ लावल्या तर लोंबतात, मला बघवत नाही, म्हणून तिने त्या दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन अडकवल्या. रेल्वेच्या रुळांवर वाटी उडाली. दांडा खाली आला तो त्या फुलीच्या झोळीत. नाहीतर जमिनीत रुतला असता आणि चूल, कढया, सगळं आमच्या पाठीत आलं असतं. दारकाने गाडी बाजूला घेतली. मारिन्याने थर्मास उघडला आणि विचारलं, "साखर किती?"

त्यानंतर दारकाने सगळं शिकून घेतलं. वजन किती ओढायचं ते गाडीच्या दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, जड माल पुढे ठेवायचा, मागे ठेवला तर ट्रेलर शेपटी हलवतो, हे सगळं. पुरुष तिला हसायचे. नंतर आपापले ट्रेलर जोडून झाल्यावर सहज फिरत फिरत आल्यासारखं करून तिला दाखवायला यायचे. मारिन्याचे पाय गेले तेव्हा तिच्या जागेवर मी बसायला लागले. थर्मासही माझ्याकडे आला.

"झालं तर मग," जेरी म्हणाला. "गोळा नाही, प्रश्न मिटला. पिरोहे माझ्या घरी आणा, लेस्या उकळेल. मी ट्रकने पोचवतो."

"माझं नाव घेतलंस?" फाटकातून आवाज आला.

लेस्या, जेरीची बायको, रस्ता ओलांडून येत होती. दोन्ही हातांनी एप्रनची झोळी धरलेली, आणि एप्रन जड वस्तूने गुडघ्यांपर्यंत ओढला गेलेला. ती सरळ दारकापाशी गेली आणि झोळी रिकामी केली. दारकाचा गोळा, खिळीसकट.

"गॅरेजात होता. याच्या मासेमारीच्या सामानामागे," ती धापा टाकत म्हणाली. "घाणेरडा एप्रन झाला माझा."

"लेस्या!"

"काय लेस्या? लग्न होऊन आले तेव्हा माझे पिरोहे पाण्यात फुटायचे. वर्षभर गिळलेस ना गपचूप? मग मला चिमटायला कुणी शिकवलं? मारिन्याने की तुझ्या आईने?" जेरीच्या आईचे पिरोहे फुटण्याबद्दलच प्रसिद्ध होते, त्यामुळे त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. "ट्रक बाजूला घे. मीपण जाणार आहे."

जेरीने ट्रक बाजूला घेतला. बायकोपुढे माघार घेणारा नवरा बघायला मला अजूनही आवडतं, त्यात काही लपवण्यासारखं नाही.

मग दारकाने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. गोळा बसवला, वाटी उतरवली, खिटी लावली, आणि जॅक फिरवून बघितला. या वेळी दांड्याबरोबर पिकअपचा मागचा भागही वर आला. साखळ्या फुलीत. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून असते ती बारीक तार साखळीला नाही, गाडीला. मी मागे उभी राहून दिवे लागतात का बघत ओरडले, "डावा! उजवा! ब्रेक!" व्हेराला सूपाच्या भांड्यांपाशी ट्रेलरमध्ये बसायचं होतं. दारका म्हणाली, "आत माणूस बसत नाही. सूप सांडलं तर पुसता येतं." व्हेरा गुमान मागच्या सीटवर लेस्याशेजारी बसली. लेस्याच्या मांडीवर कोलिवोचं पातेलं होतं, मधातला शिजवलेला गहू, गेलेल्या माणसासाठी.

आम्ही निघालो. मागे जेरी, सगळे दिवे लुकलुकवत. आम्हाला सोबत करत होता की आमच्यावर पाळत ठेवत होता, ते त्यालाच ठाऊक.

रूळ ओलांडल्यावर दारकाने गाडी बाजूला घेतली, खाली उतरली, साखळ्यांना हात लावला, चाकांच्या मध्यावर तळवा टेकवून तापलीत का बघितलं, आणि पुन्हा चढली. लांबचलांब मालट्रक बाजूने गेला तेव्हा ट्रेलर जरा डुलला. तिने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, दोन्ही हात घट्ट ठेवले आणि डुलणं आपोआप थांबू दिलं. मी थर्मासातून चहा ओतला. मारिन्या असती तर विचारलं असतं, साखर किती. मी विचारलं नाही.

"अकराच झालेत," मी म्हटलं. "वेळेत पोचतो आपण."

आणि महामार्गावरचा वजनकाटा दिसल्याबरोबर दारकाने उजवीकडचा दिवा लावला.

"काय करतेस?"

"वजन."

"अगं आज? तो मालट्रकवाल्यांसाठी असतो! आपल्याला कुणी बोलावलंय?"

"पाण्याची टाकी नेहमीपेक्षा जास्त भरलीय. बघून घेते. दर वेळी वळतेच की."

काट्यावर ऑफिसर डेलोर्म होती, इथल्या मूळ रहिवाशांपैकी मेती घरची तरुण मुलगी, दोन वेण्या टोपीखाली खोचलेल्या. दारकाला ती ओळखत होती. न बोलावता वजन करून घेणारी या रस्त्यावर ही एकच बाई. वजन बरोबर निघालं. ट्रेलरभोवती फेरी मारून तिने साखळ्या बघितल्या, तार बघितली, मान डोलावली. मग सवयीने पाटीचा नंबर आपल्या यंत्रात टाकला आणि तिथेच थांबली.

"मॅडम, याची नोंदणी संपलीय."

"संपलीय म्हणजे?" मी विचारलं.

"मागच्या महिन्याअखेर. ही पाटी आज रस्त्यावर चालत नाही." तिचा चेहरा पडला होता. "मला न बघितल्यासारखं नाही करता येणार. मी यंत्रात टाकलाय नंबर."

जेरी मागे थांबून उतरला होता. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "विकायचाच होता ना," तो टोपीशी बोलल्यासारखा बोलला. "म्हणून मग... नाही भरलं या वर्षी."

"आणि सकाळपासून हे सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"लक्षातच नव्हतं, तेता नेटी. देवाशपथ."

नोंदणी चर्चच्या नावावर. कचेरीत जाऊन सही करायला हवी. कचेरी सोमवारी उघडणार. ऑफिसर डेलोर्मने हे सगळं हळू आवाजात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तोवर ट्रेलर हलवता येणार नाही."

मी दारकावर भडकले. जेरीवर भडकून काय उपयोग होता? "तुला वळायला सांगितलं कुणी होतं? सरळ गेली असतीस तर कुणी हिंग लावून विचारलं नसतं!"

"दर वेळी वळते मी."

"आज दर वेळेसारखं नव्हतं!"

"मग कधी असतं?" दारका म्हणाली.

ती जाऊन पिकअपच्या पायरीवर बसली. दारकाचे हात रिकामे मी पहिल्यांदा बघितले. मांडीवर उताणे पडलेले, भाजल्याच्या जुन्या खुणांचे. "हाताला लागतं ते सगळं बघितलं, नेटी," ती म्हणाली. "कागद तेवढे पुरुषांवर सोडले होते. चूक माझीच." मी तिला ओरडायला नको होतं.

जेरी ऑफिसरला म्हणत होता, "मी नेतो ना परत गावापर्यंत. हळू हळू. पंधरा-वीस मिनिटांचा तर प्रश्न. तीन वाजता माझा माणूस येतोय."

"नाही," दारका म्हणाली.

सगळे वळले. ती उठून उभी राहिली होती.

"नाही म्हणजे, तेता?"

"सकाळपासून तूच म्हणतोयस, ट्रेलर हलवायचा नाही. आता या पोरीनेही तेच सांगितलं. नाही हलवायचा म्हणजे नाही हलवायचा." ती ट्रेलरच्या मागे गेली, लाकडी ठोकळे काढले आणि एकेक चाकाखाली लाथेने घट्ट बसवले. "नेटी, गॅस उघड. व्हेरा, पाणी ठेव. मोठी कढई."

"इथे?" व्हेरा म्हणाली.

"मारिन्याने चूल सांगितली होती. जागा सांगितली नव्हती."

ऑफिसर डेलोर्म गडबडली. "मॅडम, या आवारात खाद्यपदार्थ विकायला मनाई आहे."

"विकतंय कोण?" दारका म्हणाली. "चाकं फिरली तर मला दंड कर. चाकं फिरणार नाहीत."

त्या मुलीने आमच्याकडे बघितलं, मग काट्याकडे, मग लेस्याच्या हातातल्या पातेल्याकडे. "कोण गेलंय?" तिने विचारलं.

"ही चूल जिची, ती," दारका म्हणाली.

छपरीखालचे केशरी शंकू उचलून त्या मुलीने आवाराचा अर्धा भाग मालट्रकांना बंद केला. परत आली तेव्हा म्हणाली, "माझी कोकुम गेली तेव्हा आम्हीही तिचं पान आधी वाढलं होतं." कोकुम म्हणजे त्यांच्यात आजी. मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"जेरी," दारका म्हणाली, "तू लुहोवेला जा. फादर बोहदानना सांग, माती देऊन झाली की सगळ्यांना इकडे घेऊन या."

"काट्यावर?"

"हो, काट्यावर."

"तुम्ही नाही येत? मी नेतो ना सगळ्यांना माझ्या ट्रकमधून. वेळ आहे अजून."

मीही म्हटलं, "दारका, तू जा. मी बघते इथलं. तुला तिला बघायचं नाही का शेवटचं?"

दारका कांदा चिरत होती. "माती द्यायला बाकीचे आहेत," ती म्हणाली. "मी जेवण कबूल केलंय." तिने डोळे दंडाला पुसले आणि कांद्याकडे रागाने बघितलं. मी कढईखालचा गॅस मोठा केला.

जेरी गेला. बाराला त्या बाजूने वारा आला, पण घंटा ऐकू आली की नाही ते मला सांगता येणार नाही. दारकाने झारा खाली ठेवला, ओठ हलवले, क्रॉसची खूण केली आणि झारा पुन्हा उचलला. बाहेर पिकांवरून धूळ उडत होती आणि आत लोण्यात कांदा तांबूस होत होता. मारिन्याच्या खड्ड्यात आत्ता माती पडत असेल हे चौघींनाही कळत होतं, आणि चौघीही पिरोह्यांबद्दलच बोलत होतो.

मग महामार्गावर गाड्या दिसल्या. भर उन्हात दिवे लावलेल्या, एकीमागे एक, सगळ्यांपुढे जेरीचा ट्रक दिवे लुकलुकवत. मोठी गाडी नव्हती शवाची, ती परत गेली असणार. रांग काट्याच्या आवारात वळली तशी ऑफिसर डेलोर्म बाहेर आली आणि त्यांना हाताने जागा दाखवायला लागली, जणू रोज हेच करते.

फादर बोहदान काळ्या झग्यावर धूळ घेऊन उतरले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "माझ्या चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही."

"माझ्याही," दारका म्हणाली. "हात धुवा, फादर."

लोक पिकअपच्या मागच्या फळ्या पाडून बसले. काही खडीवर उभ्यानेच. पोरं शंकूंभोवती पळाली. वजनाला आलेला एक पगडीवाला मालट्रकवाला चौकशीला उतरला तर व्हेराने त्याच्याही हातात ताट दिलं. कोबीचं आहे, मांस नाही, असं दोनदा सांगितलं. मारिन्याची धाकटी बहीण, नव्वदीची म्हातारी, पहिला पिरोहा तोंडात घालून बराच वेळ चघळत राहिली आणि म्हणाली, "कडा तिच्यासारख्या आहेत." लेस्या तोंड वळवून भांडी मोजल्यासारखं करायला लागली.

"तिचं ताट कुठे ठेवायचं?" कुणीतरी विचारलं.

गेलेल्या माणसाचं ताट आमच्याकडे टेबलाच्या मानाच्या टोकाला ठेवतात. इथे टेबलच नव्हतं. सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. दारकाने ताट वाढलं. तीन प्रकारचे पिरोहे, वर कांदा, बाजूला कोलिवो. ते घेऊन ती ट्रेलरच्या पुढे गेली आणि पिकअप आणि ट्रेलर यांच्या मधल्या त्या लोखंडी दांड्यावर, बरोबर साखळ्यांच्या फुलीच्या वर तिने ते ठेवलं. हलत तर नाही ना, म्हणून बोटाने ढकलून बघितलं.

जेरी गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात लुहोवेच्या चर्चमधली वेदीवरची जाड मेणबत्ती होती, मनगटाएवढी. ती त्याने कधी उचलली ते फादरनाही माहीत नसावं. "वाऱ्यात विझेल," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. लेस्याने लोणच्याची मोठी बरणी रिकामी करून दिली. जेरीने मेणबत्ती तिच्यात उभी केली, पेटवली आणि ताटाशेजारी ठेवून टोपी काढली. फादरनी प्रार्थना सुरू केली. सगळे उभे राहिले. पगडीवालाही हात जोडून उभा राहिला. आम्ही गायलो ते महामार्गावरच्या गाड्यांच्या आवाजात किती वर गेलं कुणास ठाऊक, पण आम्ही जोरात गायलो.

तीननंतर सास्काटूनचा माणूस आला. जेरीने फोन करून पत्ता बदलला होता. तरुण, हसतमुख, बर्गर विकायचं डोक्यात असलेला. ट्रेलरभोवती फिरला, चूल बघून खूश झाला, आणि दांड्यापाशी येऊन थबकला.

"हे उचललं की जोडतो मी," तो म्हणाला.

"सोमवारी," ऑफिसर डेलोर्म म्हणाली.

"बरं, सोमवारी. पण निदान ही पिकअप सोडवून ठेवू या का? साखळ्या काढतो मी."

दारका खाली वाकून भांडं घासत होती. ती उठली नाही. "ताट उठल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

"कधी उठतं ते?"

दारकाने जेरीकडे बघितलं. मी वाटच बघत होते की तो आता घड्याळ काढेल.

"मेणबत्ती संपली की," जेरी म्हणाला. "तू जेवून घे आधी. लेस्या, याला आलुबुखाराचे वाढ."

तो माणूस ताट घेऊन आपल्या गाडीच्या बंपरवर बसला आणि खाता खाता त्या बरणीकडे बघत राहिला. मेणबत्ती बोटभरही उतरली नव्हती.